उणे वीस, पण कोणासाठी?

गेल्या रविवारी भाच्याकडे जेवायला गेले होते. आमरसाचा बेत होता, आणि आमरसानंतर सुस्ती यायच्या ऐवजी भांडण झाले. भांडण माझे नव्हते. भाचा आणि त्याची लेक यांचे होते आणि विषय होता एक जॅकेट. पण वर्गात दोन मुले भांडताना दिसली की मध्ये पडायची सवय निवृत्तीनंतरही जात नाही. मध्ये पडले, आणि घरी येईपर्यंत दोघांशीही भांडून आले. तेच भांडण आज इथे पुढे चालवणार आहे. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे. त्यांनी वाचावे म्हणूनच लिहिते आहे.

तर झाले असे. आमची ही नात (खरे तर बहिणीची, पण मला मावशीआजी म्हणते) पंचवीस वर्षांची आहे. सह्याद्रीतले गड पायाखाली घातले, उत्तरकाशीला जाऊन गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला, आणि येत्या ऑगस्टमध्ये लडाखमधल्या कांग यात्से-२ या शिखरावर जाणार आहे. उंची ६,२५० मीटर. नेणाऱ्या संस्थेने सामानाची यादी पाठवली आहे. पैसे परत मिळण्या-न मिळण्याचे नियम दोन पाने, आणि ज्याच्यावर पोरीचा जीव अवलंबून त्या वस्तूला एक ओळ: "डाऊन जॅकेट, जाड, १ नग."

या एका ओळीवरून बापलेकीत जुंपली. बापाने नऊ हजारांचे एक जॅकेट आणून ठेवले होते. बाहेर मोठे लेबल, त्यावर बर्फाच्या चांदणीशेजारी उणे वीस. लेकीला हवे होते चोवीस हजारांचे, त्यावर आकडा ८५०.

"मावशी, तूच सांग. हे उणे वीसला चालतंय आणि निम्म्याहून कमी किंमत. हिच्या त्या जॅकेटवर तर तापमानच लिहिलेलं नाही!"

"मावशीआजी, बाबांना फिल पॉवर म्हणजे काय ते माहीतच नाही."

मी एकच विचारले, "आत पिसं किती ग्रॅम आहेत?"

दोघेही गप्प. नवरा-नवरीची पत्रिका बघावी तशी दोघांनी लेबले पाहिली होती, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आता मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला हा प्रश्न कुठून सुचला, ते सांगते. माझा एक जुना विद्यार्थी आहे. आज पन्नाशीचा असेल. गढवालमधल्या एका सात हजारी शिखरावर गेला होता आणि परत आला तेव्हा डाव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली होती. भेटायला आला तेव्हा मी मूर्खासारखे विचारले, "अरे, चांगले कपडे नव्हते का?" तो म्हणाला, "बाई, होते ना. उणे वीसचं जॅकेट होतं. आणि थंडीही तेवढीच होती." दोरावर पुढे कोणीतरी अडकले होते, म्हणून हे सगळे दीड-दोन तास एका जागी उभे. चालत होता तोवर ठीक होते. उभा राहिल्यावर अंग गार पडत गेले. मग बुटाखालचा क्रॅम्पॉन सैल झाला, तो आवळायला हातमोजा काढला, आणि परत घातला तरी बोटांत जीव येईना. शरीराचे गणित असे की छाती-पोट गार पडू लागले की ते आपले गरम रक्त आतल्या अवयवांसाठी राखून ठेवते आणि हातापायांना जाणारे कमी करते. म्हणजे जॅकेट हे बोटांसाठीही असते. हातमोजा काढला ही आपलीच चूक, असे तो आजही म्हणतो. पण ते जॅकेट नंतर उसवून पाहिले तेव्हा आत पिसे जेमतेम मूठ-दोन मुठी निघाली, हेही त्यानेच सांगितले. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे.

आता लेबलाकडे येऊ. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला ते लेबल वाचून राहवत नाही. "उणे वीसपर्यंत" हे वाक्यच नाही. कर्ता कोण? बसलेला की चालणारा? पोटभर जेवलेला की उलट्या करून रिकामा झालेला? आत काय घातले आहे? किती वेळ? वारा आहे की नाही? हवा उणे पंधरा असेल आणि ताशी चाळीस किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ती उणे सत्तावीससारखी लागते. मग लेबलावरचे उणे वीस कुठल्या हवेतले? माझ्या वर्गात कोणी असे अर्धवट वाक्य लिहिले असते तर मी लाल शाईने "अपूर्ण" लिहून वही परत दिली असती. इथे मात्र त्याच अपूर्ण वाक्याचे नऊ हजार मोजतात.

झोपायच्या पिशव्यांच्या, म्हणजे स्लीपिंग बॅगांच्या बाबतीत असे नाही बरे का. तिथे युरोपात २००५ साली एक मानक आले. तापलेला पुतळा पिशवीत ठेवून मोजायचे आणि आरामाचे तापमान वेगळे, निभावण्याचे वेगळे असे छापायचे. पुढे ते आंतरराष्ट्रीय मानकही झाले. त्यातही वाद आहेत, पण निदान एकाच फूटपट्टीने मोजलेले असते. डोंगरात जाणाऱ्यांच्या जॅकेटांना अशी सगळ्या दुकानांत चालणारी फूटपट्टी नाही. म्हणून उणे वीस हा अंदाज असू शकतो, आशा असू शकते, निव्वळ जाहिरातही असू शकते. मोजमाप मात्र तो नाही.

भाच्याच्या जॅकेटाचे आतल्या शिवणीजवळचे छोटे लेबल मी चष्मा पुसून वाचले. बाहेरचे कापड पॉलिएस्टर, अस्तर पॉलिएस्टर, आणि भरण? तेही पॉलिएस्टर. "पण दिसतं तर तसंच की," भाचा म्हणाला. दिसते खरे. फुगीर आडवे पट्टे शिवले की लोक त्याला डाऊन म्हणून मोकळे होतात. पॉलिएस्टर काही पाप नाही. भिजले तरी ते थोडीफार ऊब धरते, स्वस्त असते, धुवायला सोपे. आपल्या पावसात आणि दमट हवेत तेच बरे. पण तितक्याच उबेला ते जड पडते, पाठपिशवीत जागा खाते, आणि दाबून दाबून लवकर बसते. डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा पाळीव हंसाच्या बाहेरच्या पिसांखाली असते ती मऊ लव, तिला टोचणारी दांडी नसते. ही वस्तूच वेगळी. एकाच्या नावावर दुसरी खपवणे ही फसवणूक आहे, आणि गिऱ्हाईक आतले लेबल वाचत नाही या भरवशावर ती चालते.

हे ऐकून लेक खूश झाली. "बघा बाबा!" म्हणाली. म्हटले थांब, आता तुझी पाळी.

फिल पॉवर म्हणजे काय ते मला पिंजाऱ्यामुळे कळले. माझ्या पिढीतल्यांना आठवत असेल, पावसाळ्यानंतर दारावर पिंजारी यायचा, खांद्यावर तो धनुष्यासारखा पिंजण. गादीतला बसलेला कापूस तो पिंजायचा आणि बघता बघता ओसरीभर ढीग व्हायचा. कापूस तेवढाच, वजन तेवढेच, फक्त फुगला. आणि त्या रात्री गादी कशी उबदार लागायची! ऊब कापसात नव्हतीच, कापसात अडकलेल्या हवेत होती. आपण "गरम कपडे" म्हणतो तिथेच चुकतो. कपडा गरम नसतो. गरम आपण असतो. कपडा फक्त ते बाहेर जाऊ देत नाही.

तर फिल पॉवर म्हणजे डाऊन किती फुगते त्याचे माप. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाऊन ८०० घन इंच जागा भरत असेल तर ते ८०० फिल पॉवरचे. ८०० घन इंच म्हणजे तेरा लिटर. अठ्ठावीस ग्रॅममध्ये तेरा लिटर! निसर्गाची कमालच. जितका आकडा मोठा तितके कमी वजनात जास्त फुगणार. पण नीट लक्ष द्या, हा आकडा पिसांचा आहे, जॅकेटाचा नाही. बासमती उत्तम आहे हे कळले म्हणजे पातेल्यात किती भात आहे ते कळले असे नाही.

मी तिला म्हटले, कंपनीच्या संकेतस्थळावर बघ बरे, भरण किती लिहिले आहे. तिने फोनवर शोधले. कंपनी प्रामाणिक होती, सगळ्यात खालच्या ओळीत का होईना पण लिहिले होते: मध्यम मापाला ८० ग्रॅम. मग मी वर्गातल्यासारखा गुणाकार करायला लावला. ८० गुणिले ८५०, अडुसष्ट हजार. आता समजा दुसरे जॅकेट आहे, फिल पॉवर नुसती ६५०, पण आत २५० ग्रॅम डाऊन. गुणाकार एक लाख बासष्ट हजार पाचशे. म्हणजे हवा धरून ठेवण्याची ताकद जवळजवळ अडीच पट, आणि आकडा मात्र "कमी दर्जाचा". हा हिशेब ढोबळ आहे, दोन्ही जॅकेटांची मापे सारखी धरून केलेला. पण दिशा दाखवायला पुरेसा. तिचे ते चोवीस हजारांचे जॅकेट वाईट नव्हते. हलके, मुठीत मावणारे, हरिश्चंद्रगडावर डिसेंबरच्या रात्री बसायला झकास. सहा हजार मीटरवर पहाटे तीन वाजता ताटकळत उभे राहायला ते केलेलेच नाही. बाप स्वस्तात फसत होता, लेक महागात फसत होती. फसवणारा मात्र एकच, लेबलावरचा एकुलता एक आकडा.

वजनानंतर शिवण. आजीची गोधडी आठवा. धावदोरा वरून खाली आरपार जातो. जिथे टाका तिथे गोधडी चपटी, तिथे मध्ये काहीच नाही. पातळ डाऊन जॅकेटे अशीच आरपार शिवलेली असतात आणि प्रत्येक शिवणीच्या रेघेवर थंडी आत येते. जास्त उंचीसाठी असतात त्यांत बाहेरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये कापडाच्या उभ्या पट्ट्या लावून कप्पे केलेले असतात. टाका आरपार जात नाही, म्हणून सगळीकडे जाडी राहते. शिवायला वेळ लागतो, म्हणून महाग. शिवण आरपार आहे का हे ओळखायला काही शास्त्रज्ञ लागत नाही. शिवणीची रेघ बाहेरून आणि आतून दोन बोटांच्या चिमटीत धरायची. बोटे एकमेकांना लागल्यासारखी वाटली की समजायचे.

बाकीच्या गोष्टी पटपट सांगते. टोपी जॅकेटालाच हवी आणि हेल्मेटवरून ओढता यायला हवी. माप आत घालायचे सगळे कपडे अंगात चढवून बघायचे. घट्ट झाले की पिसे दबली, पिसे दबली की हवा गेली, आणि हवा गेली की पैसे गेले. चेन खालूनही उघडणारी हवी, म्हणजे कमरेचा दोराचा पट्टा हाताशी राहतो. जाड हातमोजे घालून ती चेन ओढून बघायची, दुकानात हसले तरी चालेल. आणि सर्वांत महत्त्वाचे, डाऊन भिजले की त्याचा लगदा होतो. मग ते घामाने भिजो की बर्फाने. म्हणून चढताना ते घालायचेच नाही. पाठपिशवीत सर्वांत वर, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवायचे, आणि थांबल्याबरोबर, थंडी वाजायच्या आधी, बाकी सगळ्यावरून चढवायचे. हे जॅकेट थांबणाऱ्या माणसाचे आहे. आठ हजार मीटरच्या शिखरांवर तर नुसते जॅकेट नाहीच, डोक्यापासून घोट्यापर्यंत डाऊनचा अखंड सूट घालतात. पण आमच्या पोरीला अजून तिथे जायचे नाही, आणि आजच सुचवतही नाही.

"अगं मावशी, पण पूर्वी लोक लोकरीच्या स्वेटरवर जायचेच की हिमालयात," भाच्याचा शेवटचा मुद्दा. हा मुद्दा प्रत्येक घरात निघतो, म्हणून इतिहासाच्या बाईने उत्तर दिलेच पाहिजे.

पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. १९५२ ते १९५७ या काळात तिचे संचालक होते जॉर्ज फिंच नावाचे रसायनशास्त्रज्ञ. हेच फिंच १९२२ साली ब्रिटिशांच्या एव्हरेस्ट मोहिमेत होते. बाकीचे साहेब लोकरी कोट, मफलर अशा थाटात, आणि फिंच यांनी स्वतः बेतून शिवून घेतलेला कोट आणला होता. वरून फुग्याचे, म्हणजे आकाशात उडवायच्या बलूनचे, कापड आणि आत आयडर बदकाची मऊ पिसे. लोक हसले. गबाळे दिसत होते म्हणे. पुढे थंडी वाढली तेव्हा त्याच कोटाचा सगळ्यांना हेवा वाटू लागला. २७ मे १९२२ ला फिंच आणि जेफ्री ब्रूस प्राणवायूच्या नळकांड्या घेऊन सुमारे ८,३२० मीटरपर्यंत पोहोचले. तोवर इतक्या उंचीवर कोणी चढले नव्हते. तरीही १९२४ च्या मोहिमेत फिंच यांना घेतले नाही. त्यामागे बरीच कारणे होती, कोट हे काही नव्हे. पण मला त्यांचे कौतुक वाटते ते यासाठी, की त्यांनी इतर काय घालतात ते पाहिले नाही, हवा कशात अडकते ते पाहिले.

आणि स्वेटरवाल्यांवर अन्यायही नको. १९२४ साली मॅलरी आणि अर्विन गेले ते रेशीम, लोकर आणि गॅबर्डिन असे थरावर थर घालून. मॅलरींचा देह १९९९ मध्ये सापडला, त्यांच्या कपड्यांच्या अवशेषांवरून तसेच कपडे पुन्हा बनवले गेले आणि २००६ मध्ये एव्हरेस्टवर घालूनही पाहिले. चांगल्या हवेत, चालत्या माणसाला ते चांगलेच निघाले. म्हणजे पुन्हा तेच. चालणाऱ्याला स्वेटर पुरतो. प्रश्न थांबणाऱ्याचा आहे, आणि डोंगरावर कधी थांबावे लागेल हे आपण ठरवत नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. तो खरा आहे, मी निवृत्तिवेतनावर जगते, मला तो सांगायला नको. एकदाच जायचे असेल तर भाड्याने घ्यावे, त्यात कमीपणा नाही. लेह, मनाली, काठमांडूच्या थामेलमध्ये मिळतात. फक्त बड्या नावाचा मार्का बघून भुलू नये, तसले मार्के शिवून लावायला वेळ लागत नाही. जॅकेट पिशवीतून काढून झटकावे, दहा मिनिटे पसरून ठेवावे. फुगून वर आले तर जिवंत. गाठी होऊन कोपऱ्यात बसले, किंवा उजेडासमोर धरल्यावर मध्ये रिकामे दिसले, तर दुकानदार कितीही गोड बोलो, परत करावे. लग्नात एकदा नेसायच्या शालूला आम्ही चाळीस हजार मोजतो आणि पोरीच्या जिवासाठी दुकानात घासाघीस करतो, हे मात्र मला पटत नाही. नातेवाईकांनी राग मानू नये. मानलात तरी हरकत नाही.

पण माझे खरे भांडण भाच्याशीही नाही आणि नातीशीही नाही. पोह्याच्या पन्नास रुपयांच्या पाकिटावर निव्वळ वजन छापावे लागते. कायदाच आहे तसा. मग हजारो रुपयांच्या जॅकेटावर आतल्या पिसांचे वजन बाहेरच्या लेबलावर का नको? काही चांगल्या कंपन्या ते सांगतात, म्हणजे सांगता येते हे उघड आहे. आणि शिखरावर नेणाऱ्या संस्थांनी "जाड, १ नग" असे लिहिणे बंद करावे. किती ग्रॅम, किती फिल पॉवर, शिवण आरपार की कप्प्यांची, एवढे लिहायला आणखी एक ओळ लागते. पैसे परत न देण्याचे नियम दोन पाने लिहिता, तर ही एक ओळ लिहा. आणि जोवर कोणी लिहीत नाही, तोवर गिऱ्हाइकाने दुकानात उभे राहून विचारावे. पहिला दुकानदार हसेल. दहाव्याला उत्तर शोधून ठेवावे लागेल.

असो. नऊ हजारांचे जॅकेट भाच्याने परत केले. चोवीस हजारांचे घेतले नाही. नातीच्या कोर्समधल्या एका मैत्रिणीकडे कप्प्यांच्या शिवणीचे, २६० ग्रॅम भरणाचे जुने जॅकेट आहे, ते ती वापरायला देणार आहे. काल नात ते घेऊन माझ्याकडे आली. झटकले, पलंगावर पसरले, आणि आम्ही दोघी चहा घेत त्याच्याकडे बघत बसलो. हळूहळू फुगत ते पिंजाऱ्याच्या ढिगासारखे वर आले.

"मावशीआजी, पास का?"

म्हटले, पास. पण चेन हातमोजे घालून ओढून दाखव आधी.